ट्रॅकवरचा धावपटू लांब पल्ल्याच्या रस्त्यावर: पहिल्या शर्यतीचा निकाल कसा वाचावा?

हेब्बाळ (बेंगळूरु) : चारशे मीटरच्या ट्रॅकवर धावणाऱ्याला चढ माहीत नसतो. प्रत्येक फेरी सपाट, प्रत्येक वळण ओळखीचे आणि प्रत्येक फेरीची वेळ फलकावर दिसणारी. बेंगळूरुच्या उत्तरेस हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून बल्लारी रस्त्याने विमानतळाच्या दिशेने निघालेल्या धावपटूला मात्र यांतले काहीच मिळत नाही. पुलाचा चढ पायांतली ताकद मागतो आणि उतार मांड्यांवर भार टाकतो. याच भागातील कृषी विज्ञान विद्यापीठाच्या आवारात शहरातील अनेक धावपटू सकाळच्या सरावाला जातात, त्यामागचे एक कारण हेच आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी अखेर रस्त्यावरच करावी लागते.

पाच किंवा दहा हजार मीटरमध्ये नाव कमावलेला धावपटू प्रथमच अर्धमॅरेथॉनला किंवा पूर्ण मॅरेथॉनला उतरतो, तेव्हा निकालपत्रावर एक वेळ आणि एक क्रमांक उमटतो. दुसऱ्या दिवशी त्या दोन आकड्यांवरून निवाडा होतो. वेळ चांगली असेल तर 'हाच याचा खरा प्रकार', वाईट असेल तर 'ट्रॅकचा गडी रस्त्यावर टिकला नाही'. हे दोन्ही निवाडे घाईचे ठरू शकतात. त्याची किंमत मात्र धावपटूला मोजावी लागते. मॅरेथॉनची तयारी महिनोन्महिने चालते आणि अव्वल दर्जाचे धावपटू वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन धावतात. चुकीच्या वाचनावर घेतलेला एक निर्णय कारकिर्दीतील संपूर्ण हंगाम, प्रसंगी ऑलिंपिकची संधीही, गिळून टाकू शकतो.

अंतर तेच, परीक्षा वेगळी

प्रथम अंतर न बदलता केवळ रस्ता बदलला तर काय होते, ते पाहू. नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत ट्रॅकवरील १० हजार मीटरचे रौप्यपदक ३३ मिनिटे २२ सेकंदांत जिंकले. पुढच्याच वर्षी बेंगळूरुच्या १० किलोमीटर रस्ता शर्यतीत भारतीय महिलांमध्ये तिने पहिले स्थान मिळवले, ते ३३ मिनिटे ३८ सेकंदांत. अंतर कागदावर समान असूनही वेळेत सोळा सेकंदांचा फरक पडला. या सोळा सेकंदांना घसरण म्हणता येणार नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असलेल्या शहरात, खालीवर होणाऱ्या आणि वळणे घेणाऱ्या रस्त्यांवर, ट्रॅकच्या इतक्या जवळची वेळ देणे ही उत्तम कामगिरी होती.

मोजणीतही एक बारकावा असतो. अधिकृत रस्ता शर्यतीचा मार्ग विशेष गणक बसवलेल्या सायकलने, सर्वांत जवळच्या रेषेतून मोजला जातो. मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून प्रत्येक हजार मीटरमागे एक मीटर जादा धरला जातो. म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर आणि मॅरेथॉनला सुमारे बेचाळीस मीटर. त्यातच गर्दीतून वाट काढणारा धावपटू वळणे बाहेरून घेतो आणि प्रत्यक्षात आणखी थोडे अधिक धावतो. त्यामुळे ट्रॅकवरील वेळ आणि रस्त्यावरील वेळ शेजारी ठेवून सेकंदांची वजाबाकी करणे योग्य होत नाही.

मुंबईतील दोन पदार्पणे

अंतरही वाढले, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यासाठी मुंबई मॅरेथॉनमधील लागोपाठच्या दोन वर्षांची उदाहरणे बोलकी आहेत. दोन्ही धावपटू केरळच्या वायनाड जिल्ह्यातील, दोन्ही ट्रॅकवर घडलेले आणि दोघांचीही ती पहिली पूर्ण मॅरेथॉन होती.

१८ जानेवारी २०१५ रोजी ओ. पी. जैशा मुंबईच्या रस्त्यावर उतरली. जेमतेम चार महिन्यांपूर्वी इंचिऑन आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले होते, तेही १५०० मीटरमध्ये. ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्यांच्या शर्यतीतून ती थेट ४२.१९५ किलोमीटरवर आली आणि २ तास ३७ मिनिटे २९ सेकंदांत धावून भारतीय महिलांमध्ये पहिली ठरली. व्ही. सत्यभामा यांचा २ तास ३९ मिनिटे १० सेकंदांचा, जवळपास दोन दशके टिकलेला राष्ट्रीय विक्रम तिने मोडला.

१७ जानेवारी २०१६ रोजी टी. गोपी याच शर्यतीत होता. १० हजार मीटरचा हा धावपटू त्या दिवशी स्वतःसाठी धावत नव्हता. नितेंद्रसिंह रावतला वेग राखून देण्यासाठी, म्हणजे पेसमेकर म्हणून, त्याला उतरवले होते. पेसमेकरने आपले काम झाल्यावर बाजूला व्हायचे असते. गोपी थांबला नाही. रावतने २ तास १५ मिनिटे ४८ सेकंदांत शर्यत संपवली आणि त्याच्यामागे सत्तावीस सेकंदांनी गोपीही अंतिम रेषेवर आला. २ तास १६ मिनिटे १५ सेकंदांची त्याची वेळ रिओ ऑलिंपिकच्या त्या वेळच्या २ तास १९ मिनिटांच्या पात्रता निकषात सहज बसली.

मथळ्यापुरते पाहिले तर दोन्ही पदार्पणे यशस्वी ठरतात. पण या यशांचा अर्थ एकच होता का? त्याचे उत्तर शोधण्यासाठी निकालाला काही प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: ट्रॅकने काय भाकीत केले होते?

धावपटूची लहान अंतरावरील वेळ माहीत असेल, तर मोठ्या अंतरावरील संभाव्य वेळेचा अंदाज बांधता येतो. अमेरिकी अभियंता पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेले सूत्र आजही त्यासाठी वापरले जाते. त्याचा आशय सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ नेमकी दुप्पट होत नाही, ती सुमारे २.०८५ पट होते. ही किंचित वाढ थकव्याची असते. याच हिशेबाने १० किलोमीटरच्या वेळेला सुमारे ४.६ ने गुणले की मॅरेथॉनची अपेक्षित वेळ मिळते.

गोपीने मुंबईनंतर महिन्याभरातच गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत १० हजार मीटरचे सुवर्ण २९ मिनिटे १०.५३ सेकंदांत जिंकले. सूत्रानुसार त्याची मॅरेथॉनची वेळ सुमारे २ तास १४ मिनिटे निघते. प्रत्यक्ष पदार्पणात ती २:१६:१५ होती. दोन तासांहून मोठ्या शर्यतीत दोन मिनिटांचा, म्हणजे जेमतेम दीड टक्क्याचा फरक. तोही दुसऱ्याला वेग देण्याचे काम करताना पडलेला. ट्रॅकवरील क्षमता रस्त्यावर जवळपास जशीच्या तशी उतरल्याचे हे लक्षण होते.

जैशाच्या बाबतीत हेच गणित लावले तर निराळे चित्र दिसते. इंचिऑनमधील तिची १५०० मीटरची वेळ ४ मिनिटे १३.४६ सेकंद होती. तिच्यावरून सूत्र मॅरेथॉनसाठी सुमारे २ तास २५ मिनिटे सांगते. प्रत्यक्ष वेळ त्याहून बारा मिनिटांनी जास्त होती. याचा अर्थ जैशा कमी पडली, असा नाही. अंतरात अठ्ठावीस पटींची उडी असेल तर सूत्राचा आधारच तुटतो, इतकाच त्याचा अर्थ. १५०० मीटरमध्ये प्राणवायूविना निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा वाटा मोठा असतो, मॅरेथॉनमध्ये तो नगण्य असतो. दोन प्रकारांत शरीर निरनिराळ्या इंधनावर चालते. म्हणून गोपीचा निकाल 'अपेक्षेप्रमाणे' म्हणता येतो. जैशाचा निकाल अधिक आश्चर्याचा होता, पण पुढे काय होईल याविषयी तो कमी सांगणारा होता. राष्ट्रीय विक्रम मोडला गेल्यामुळे हा फरक सहज झाकला गेला.

यातून निरीक्षकाला एक साधा नियम मिळतो. पूर्वीची शर्यत आणि नवी शर्यत यांतील अंतर जितके कमी, तितके भाकीत विश्वासार्ह. दहा किलोमीटरवरून अर्धमॅरेथॉनचा अंदाज बराच भरवशाचा असतो, पूर्ण मॅरेथॉनचा त्याहून कमी आणि १५०० मीटरवरून केलेला अंदाज कुतूहलापुरता.

दुसरा प्रश्न: तीस किलोमीटरनंतर काय घडले?

अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन यांतील फरक केवळ दुपटीचा नाही. मानवी शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने कर्बोदके साठवते. या साठ्यातून ढोबळमानाने दोन हजार किलोकॅलरी ऊर्जा मिळू शकते. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाच्या धावपटूला अर्धमॅरेथॉनसाठी साधारण साडेबाराशे किलोकॅलरी लागतात. त्या साठ्यात भागतात. पूर्ण मॅरेथॉनला मात्र अडीच हजारांहून अधिक लागतात. तूट शरीरातील चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या पेयांतून भरून काढावी लागते. चरबीतून ऊर्जा मिळण्याचा वेग मंद असल्याने धावण्याचा वेगही उतरतो. तीस ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान धावपटू अचानक गळाल्यासारखा दिसतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

ट्रॅकवरील धावपटूला या अवस्थेचा अनुभवच नसतो. अर्ध्या तासाच्या शर्यतीत त्याला पाण्याचा घोटही घ्यावा लागत नाही. धावता धावता टेबलावरची बाटली उचलणे आणि त्या वेगात पोटाला पेय पचवायला शिकवणे ही कौशल्ये त्याला नव्याने आत्मसात करावी लागतात. म्हणून पहिल्या मॅरेथॉनमध्ये अखेरच्या दहा किलोमीटरमध्ये वेग घसरला, तर तो क्षमतेचा अभाव आहे की अनुभवाचा, हे आधी तपासले पाहिजे. अनुभवाची उणीव दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात भरून निघते. क्षमतेची मर्यादा सरावानेही एका हद्दीपलीकडे हलत नाही.

तिसरा प्रश्न: टप्प्यांच्या वेळा काय सांगतात?

हा उलगडा अंतिम वेळेतून होत नाही. त्यासाठी दर पाच किलोमीटरच्या टप्प्याची वेळ पाहावी लागते. आज बहुतेक मोठ्या शर्यतींत धावपटूच्या क्रमांकपट्टीवरील किंवा बुटावरील चिपमुळे या नोंदी सहज मिळतात, तरी बातम्यांत त्या क्वचितच दिसतात.

सप्टेंबर २०२४ मधील कोपनहेगन अर्धमॅरेथॉन हे त्याचे ठळक उदाहरण. ऑलिंपिकमध्ये १५०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदके जिंकलेला नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसन तेथे प्रथमच या अंतरावर उतरला. दोनच दिवसांपूर्वी ब्रसेल्समध्ये त्याने डायमंड लीगच्या अंतिम फेरीत १५०० मीटरची शर्यत जिंकली होती. अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३ मिनिटे १३ सेकंदांत पूर्ण केली. विजेत्या सबॅस्टियन सावेची वेळ होती ५८ मिनिटे ५ सेकंद. पाच मिनिटांहून मोठा हा फरक पाहून इंगेब्रिग्टसन लांब पल्ल्यासाठी नालायक आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे होते.

टप्पे मात्र वेगळे बोलतात. पहिले दहा किलोमीटर त्याने आघाडीच्या गटासोबत सुमारे साडेसत्तावीस मिनिटांत कापले, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटे ४५ सेकंदांच्या वेगाने. उरलेल्या अकरा किलोमीटरचा सरासरी वेग किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १३ सेकंद पडला. वाटेत तो थांबला आणि चाललाही. येथे शरीराच्या क्षमतेपेक्षा वेगाची निवड चुकल्याचे दिसते. हा धावपटू अर्धमॅरेथॉनमध्ये काय करू शकतो, हे त्या दिवशी कळलेच नाही. पहिल्या दहा किलोमीटरचा वेग त्याला शेवटपर्यंत परवडत नाही, एवढेच सिद्ध झाले.

याउलट, दोन्ही अर्धे जवळपास समान वेळेत धावलेला आणि दहावा आलेला धावपटू निवडसमितीला अधिक खात्रीची माहिती देतो. त्याने आपला वेग ओळखला आहे. पुढच्या वेळी तो किंचित वाढवून पाहता येतो.

चौथा प्रश्न: रस्ता, हवा, बूट आणि सोबत कशी होती?

ट्रॅक जगात सर्वत्र चारशे मीटरचा असतो. रस्ते तसे नसतात. म्हणून रस्त्यावरील वेळ विक्रम म्हणून मान्य होण्यासाठी मार्गाला अटी आहेत. आरंभ आणि अंतिम रेषा यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे आणि एकूण उतार दर किलोमीटरला सरासरी एक मीटरहून जास्त नसावा. बोस्टनची जगप्रसिद्ध मॅरेथॉन या दोन्ही अटींत बसत नाही, म्हणून तेथील वेळ जागतिक विक्रमासाठी धरली जात नाही. मुंबईची मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून निघून तेथेच परतते. परतीच्या वाटेवर, नेमका पाय जड झालेला असताना, पेडर रोडचा चढ समोर येतो. जानेवारीतही मुंबईची हवा दमट असते आणि ऊन चढत जाते. अशा मार्गावरील २:१६ आणि युरोपातील सपाट, थंड रस्त्यावरील २:१६ यांचे वजन सारखे नाही.

पादत्राणांनीही तुलना अवघड केली आहे. सध्याच्या नियमांनुसार रस्त्यावर चाळीस मिलिमीटरपर्यंत जाड तळव्याचे बूट चालतात, ट्रॅकवर ही मर्यादा वीस मिलिमीटर आहे. जाड फेस आणि त्यात बसवलेली कडक पट्टी धावपटूची ऊर्जा वाचवते. त्यामुळे २०२० नंतरच्या पदार्पणाची तुलना २००० च्या दशकातील पदार्पणाशी करताना हा लाभ वजा करावा लागतो.

सोबतीचे महत्त्व तर भारतीय धावपटू चांगलेच जाणतात. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने २०१८ च्या दिल्ली अर्धमॅरेथॉनमध्ये देशी धावपटूंच्या चुरशीत सुमारे १ तास ४ मिनिटांची वेळ दिली होती. त्याच शर्यतीत नोव्हेंबर २०२० मध्ये तो परदेशी धावपटूंसह एकूण क्रमवारीत दहावा आला आणि त्याची वेळ होती १ तास ३० सेकंद. १:०३:४६ हा आधीचा राष्ट्रीय विक्रम त्याने तीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकला. जुन्या विक्रमाच्या वेगाने धावणारा धावपटू त्या क्षणी त्याच्यामागे एक किलोमीटरहून अधिक अंतरावर असता. मधल्या दोन वर्षांत साबळेची तयारी वाढली होती हे खरे, पण देशी चुरशीत पहिले येण्यापुरते धावणे आणि वेगवान शर्यतीत स्वतःची मर्यादा शोधणे यांतील फरकही त्या आकड्यांत आहे. केवळ २०१८ ची वेळ पाहून त्याचा रस्त्यावरचा हिशेब मिटवला असता, तर तो साफ चुकला असता. क्रमांकापुरते बोलायचे तर दहावा क्रमांक या कामगिरीविषयी जवळपास काहीच सांगत नाही.

पाचवा प्रश्न: पुढच्या शर्यतींत काय झाले?

पहिला निकाल हा अंदाज असतो. त्याची पडताळणी पुढच्या निकालांनी होते. जागतिक पातळीवर याची उदाहरणे विपुल आहेत. केनियाचा पॉल टेरगट २००१ मध्ये लंडनला पदार्पणात २:०८:१५ वेळेसह दुसरा आला. अडीच वर्षांनी बर्लिनमध्ये त्याने २:०४:५५ असा जागतिक विक्रम केला. ब्रिटनचा मो फाराह २०१४ मध्ये लंडनला प्रचंड गाजावाजात उतरला आणि २:०८:२१ वेळेसह आठवा आला. त्याचे पदार्पण फसले असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. २०१८ मध्ये त्याने शिकागो मॅरेथॉन २:०५:११ मध्ये जिंकली. ५ हजार आणि १० हजार मीटरचे जागतिक विक्रम नावावर असलेला युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅलेन्सियात पहिल्या मॅरेथॉनमध्ये २:०८:५९ वेळेसह सदतिसावा आला. आठ महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने १० हजार मीटरचे सुवर्ण ऑलिंपिक विक्रमासह जिंकले. फसलेली मॅरेथॉन त्याच्या ट्रॅकवरील कौशल्याला धक्का लावू शकली नाही.

उलट बाजूही आहे. नेदरलँड्सची सिफान हसन एप्रिल २०२३ मध्ये लंडनला पदार्पणात वाटेत थांबून, पाय ताणून, पुन्हा आघाडीच्या गटाला गाठून २:१८:३३ मध्ये जिंकली. त्या दिवसाला नशिबाचा खेळ म्हणणाऱ्यांना पॅरिसमध्ये उत्तर मिळाले. तेथे तिने ५ हजार आणि १० हजार मीटरची कांस्यपदके आणि मॅरेथॉनचे सुवर्ण, असे तिन्ही एकाच ऑलिंपिकमध्ये मिळवले.

आता मुंबईच्या दोन पदार्पणांकडे याच नजरेने पाहता येते. गोपीची वाटचाल अशी: मुंबईत २:१६:१५, ऑगस्ट २०१६ मध्ये रिओला २:१५:२५ आणि पंचविसावे स्थान, २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत २:१७:१३, त्याच वर्षी डोंगगुआन येथील आशियाई मॅरेथॉन स्पर्धेत २:१५:४८ आणि सुवर्ण, २०१९ मध्ये सोलला २:१३:३९. या सगळ्या वेळा सुमारे साडेतीन मिनिटांच्या पट्ट्यात बसतात. पहिल्या निकालाने जे सांगितले, ते पुढच्या चारही निकालांनी खरे केले. ट्रॅकवरून मांडलेले २ तास १४ मिनिटांचे भाकीतही अखेर साधले गेले.

जैशाच्या वेळा अशा: मुंबईत २:३७:२९, ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत २:३४:४३, नवा राष्ट्रीय विक्रम आणि अठरावे स्थान, त्यानंतर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये २:४७:१९ आणि एकोणनव्वदावे स्थान. एका वर्षाच्या आत बारा मिनिटांहून मोठा चढउतार. रिओतील शर्यत उन्हात झाली आणि अंतिम रेषेनंतर तिची प्रकृती बिघडली. त्या एका दिवसावरून तिचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु १५०० मीटरवरून आलेल्या धावपटूच्या शरीराला मॅरेथॉनची सवय जडायला वेळ लागतो आणि तोवर तिच्या वेळा परिस्थितीनुसार अधिक हलतात, हा इशारा पहिल्या निकालातील भाकीत आणि वास्तव यांच्या तफावतीत आधीच होता.

साताऱ्याची उलट वाट

२०१५ च्या त्याच मुंबई मॅरेथॉनमध्ये जैशाच्या मागे दुसरी आली ती सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर. तिची वेळ होती २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद. सत्यभामा यांचा जुना विक्रम तिनेही मागे टाकला होता. आधीची तीन वर्षे सलग ती या शर्यतीत भारतीय महिलांमध्ये विजेती ठरली होती. आकड्यांवरून पाहिले तर तिचा प्रकार ठरल्यासारखाच होता.

पण ललिता रस्त्यावरून ट्रॅककडे वळत होती. २०१४ मध्ये इंचिऑनला तिने ३००० मीटर स्टीपलचेसचे कांस्यपदक मिळवले होते. २०१५ मध्ये ती या प्रकारात आशियाई विजेती झाली आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत आठवी आली. मॅरेथॉनची ऑलिंपिक पात्रता हाती असूनही तिने रिओत स्टीपलचेस निवडली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. पी. टी. उषा यांच्या १९८४ मधील कामगिरीनंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

ललिताने २:३८ या वेळेवर विश्वास ठेवून मॅरेथॉनलाच चिकटून राहायचे ठरवले असते, तर त्यावर कोणी आक्षेप घेतला नसता. चांगला निकालही माणसाला चुकीच्या वाटेवर ठेवू शकतो. मॅरेथॉनमधली ती वेळ देशात अव्वल होती, जगाच्या तुलनेत मात्र ती पदकांपासून फार दूर होती. स्टीपलचेसमध्ये तिचे जगातील स्थान कितीतरी वरचे होते. एखाद्या पदार्पणाचा निवाडा करताना ही तुलनाही हवी. नव्या प्रकारातील धावपटूचे जागतिक स्थान जुन्या प्रकारातील स्थानापेक्षा वर जाणार आहे का, हा प्रश्न राष्ट्रीय विक्रमाच्या आनंदात मागे पडतो.

निवाड्याची जबाबदारी

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे लांब पल्ल्याचे बहुसंख्य धावपटू शेतकरी आणि कष्टकरी घरांतून येतात. सैन्यदल, रेल्वे किंवा पोलिसांतील नोकरी, बढती आणि राष्ट्रीय शिबिरातील जागा निकालांशी बांधलेली असते. रस्ता शर्यतींतील रोख बक्षिसेही मोठा आधार ठरतात. अशा धावपटूला एका चांगल्या पदार्पणानंतर मॅरेथॉनकडे ढकलणे किंवा एका वाईट शर्यतीनंतर तो मार्गच बंद करणे, या दोन्हींचा परिणाम त्याच्या घरापर्यंत पोहोचतो. शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची मॅरेथॉनची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. शिवनाथही ट्रॅकवरूनच आले होते. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत त्यांनी ५ हजार मीटरचे सुवर्ण जिंकले होते. दोन वर्षांनी माँट्रियल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ते अकरावे आले आणि विक्रम त्याच्याही दोन वर्षांनंतर झाला. ट्रॅककडून रस्त्याकडे जाणारी वाट देशात जुनी आहे, ती सिद्ध होण्यासाठी वेळ द्यावा लागतो इतकेच.

ट्रॅकवरील एखादा ओळखीचा धावपटू प्रथमच लांब शर्यतीला उतरल्याची बातमी येते, तेव्हा वाचकालाही हे प्रश्न विचारता येतील. त्याच्या ट्रॅकवरील वेळेने कोणता अंदाज दिला होता आणि प्रत्यक्ष वेळ त्यापासून किती टक्के दूर राहिली? दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा किती मंद पडला? मार्ग, हवामान आणि सोबतचे धावपटू कसे होते? तो जिंकायला उतरला होता, पात्रतेसाठी, की गोपीसारखा दुसऱ्याला वेग द्यायला? अंदाजाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत आणि समान टप्प्यांत धावलेल्या पदार्पणावर, क्रमांक कितीही असो, पुढची तयारी उभारता येते. अंदाजापासून दूर गेलेल्या किंवा मध्येच कोसळलेल्या पदार्पणावर लगेच निर्णय न घेता, निराळ्या मार्गावर आणि निराळ्या हवेत दुसऱ्या शर्यतीची संधी देऊन मगच मत बनवणे हितावह ठरते.